सांध्यांचा आराम आणि जठराची राखण : डोणगाव परिसराच्या निमित्ताने एका औषधाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, मेहकरहून वाशिम जिल्ह्यातील मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव वसलेले आहे. जुन्या महसुली व्यवस्थेत वऱ्हाडच्या ज्या भागाला बालाघाट, म्हणजे घाटावरचा प्रदेश, म्हणत असत त्या भागात ते मोडते. अबुल फझलच्या आईन-इ-अकबरीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, १९५६ मध्ये हा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यकर्ते असे बदलत राहिले तरी या पठारावरच्या माणसाच्या कष्टाची रीत फारशी बदलली नाही. ज्वारी आणि कपाशी, गेल्या काही दशकांत त्यांच्या जोडीला आलेले सोयाबीन, हातात खुरपे घेऊन उकिडवे बसून तास न् तास सरकत केलेली निंदणी, वाकून केलेली सोंगणी, कमरेला ओटी बांधून केलेली कापूसवेचणी आणि डोक्यावरून वाहिलेले पाणी व सरपण यांचा सारा भार अखेर गुडघे, कंबर आणि मनगटे यांच्यावर येऊन पडतो, आणि त्यातही तो पुरुषांपेक्षा स्त्रियांवर अधिक पडतो. म्हणून सांधेदुखीवर माणसाने काय काय उपाय केले आणि त्या उपायांची किंमत शरीराच्या दुसऱ्या कोणत्या अवयवाला मोजावी लागली, हा इतिहास डोणगावसारख्या गावाच्या दृष्टीने केवळ वैद्यकशास्त्राच्या इतिहासातले एक प्रकरण ठरत नाही. तो त्याच्या रोजच्या जगण्याचा इतिहास आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे दुखणे किती पसरलेले आहे याचा शास्त्रीय अंदाज पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे मिळाला. तेथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाखाली, घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडे यांचे दुखणे असल्याचे आढळले. या दुखण्यांचे दोन प्रमुख प्रकार येथेच वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रकार सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत मऊ थर, झिजण्याचा. त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात आणि वय, वजन व कष्ट यांच्याशी त्याचा संबंध असतो. दुसरा प्रकार शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटण्याचा; त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो पहिल्याच्या मानाने बराच कमी आढळतो, पण उपचाराविना सांधे कायमचे वाकडे करतो. गावाच्या बोलण्यात मात्र या दोहोंना ‘वात’ हे एकच नाव आहे, आणि दोहोंसाठी मेडिकलमधून आणलेली गोळीही बहुधा एकच असते.

दुखण्यावरचे औषध आणि त्या औषधापासून शरीराची राखण करणारे दुसरे द्रव्य एकत्र देण्याची कल्पना या प्रदेशाला नवी नाही. विदर्भातील जंगलांत आणि शेतांच्या बांधांवर वाढणारा बिब्बा, ज्याला आयुर्वेदात भल्लातक म्हणतात, हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. त्याच्या फळातील काळे तेल इतके दाहक असते की बिब्बे फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांचे हात त्याने पोळतात. तरीही वातविकारांवरील जहाल औषध म्हणून त्याचा लौकिक मोठा होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात भल्लातकाचे कल्प सांगताना तोंडाला आतून तूप लावून मगच औषध घ्यावे असे सांगितले आहे, आणि पुढील परंपरेने बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध करावा, दूध-तुपाबरोबर द्यावा, पित्तप्रकृतीच्या माणसाला, गर्भवतीला आणि लहान मुलाला देऊ नये, असे निर्बंध घातले. औषधाबरोबर घ्यावयाच्या अशा द्रव्याला वैद्य अनुपान म्हणतात. अनुपानाचे काम औषध इच्छित जागी पोचवणे आणि वाटेत त्याचा उपद्रव कमी करणे, असे दुहेरी मानले जाई. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवात नावाच्या व्याधीचे स्वतंत्र वर्णन केले आणि सांध्यांच्या सुजेचे मूळ बिघडलेल्या पचनात शोधले; अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात त्यावर गुग्गुळाचे कल्प आणि एरंडतेल यांची योजना दिसते. या सिद्धांताची आजच्या शास्त्राशी ओढूनताणून सांगड घालण्याचे कारण नाही; परंतु सांधा आणि पोट यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे या देशातल्या वैद्यकाने फार पूर्वी ओळखले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

मोगल आणि पुढे निजामाच्या अमलामुळे वऱ्हाडात युनानी वैद्यकही रुजले. हकीम सांधेदुखीवर सुरंजान नावाच्या कंदाचे माजून, म्हणजे मधात किंवा पाकात कालवलेले औषध, देत. या वनस्पतीच्या वर्गातूनच पुढे कोल्चिसीन हे औषध वेगळे काढले गेले आणि रक्तातील युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या गाउट या विकारावर ते आजही वापरले जाते. पण सुरंजानाची मात्रा थोडी जास्त झाली की जुलाब लागतात, हे हकिमांना ठाऊक होते, आणि म्हणून त्याच्या जोडीला ते सुंठीसारखी द्रव्ये मिसळत. याशिवाय निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचे किंवा रुईचे गरम पान बांधणे, तापल्या विटेचा शेक, तुंबडी लावणे आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून तापल्या लोखंडाचा डाग देणे, हे उपाय गावोगाव चालत. त्यांपैकी शेक निरुपद्रवी होता आणि आजही उपयोगी आहे. डाग देण्याने मात्र दुखणे हटण्याऐवजी जखम तेवढी पदरात पडे.

युरोपातील प्रवाह वेगळ्या झाडापासून सुरू झाला. महाराष्ट्रातील नद्यांच्या काठी वाळुंज नावाने ओळखले जाणारे झाड ज्या कुळातले आहे, त्याच कुळातील विलो या झाडाच्या सालीने ताप उतरतो, असे इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या पाद्र्याने १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. १८२८ मध्ये म्युनिच येथे त्या सालीतून सॅलिसिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, पुढे त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळाले, आणि १८७६ मध्ये स्कॉटलंडमधील डॉक्टर थॉमस मॅक्लॅगन यांनी सांध्यांच्या तीव्र सुजेत सॅलिसिनने आराम पडतो हे लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आराम पडे, परंतु सॅलिसिलिक आम्ल आणि त्याचा सोडियम क्षार यांमुळे जठराची आग होई, उलट्या होत, आणि अनेक रुग्णांना औषध सोडून द्यावे लागे. बायर या जर्मन कारखान्यातील रसायनज्ञ फेलिक्स हॉफमन यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये तयार केलेले शुद्ध अॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल १८९९ मध्ये अॅस्पिरिन या नावाने बाजारात आले तेव्हा त्याचा मुख्य गुण सांगितला गेला तो हाच की ते पोटाला सोसते. हा दावा चाळीस वर्षे टिकला. १९३८ मध्ये लंडनचे डॉक्टर डाउथवेट आणि लिंटॉट यांनी जठरात नळी घालून आतले अस्तर प्रत्यक्ष पाहिले आणि अॅस्पिरिनच्या कणांभोवती ते लाल होऊन सुजलेले, काही ठिकाणी रक्ताळलेले आढळले, असे नोंदवले. पोटाला सोसणारे म्हणून आलेले औषधच पोटाला इजा करते, हे तेव्हापासून वादातीत झाले.

असे का होते, याचे उत्तर मिळायला आणखी तेहतीस वर्षे जावी लागली, आणि या संपूर्ण इतिहासाचे मर्म त्या उत्तरात असल्यामुळे ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की अॅस्पिरिन आणि त्याच्यासारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. या कामाबद्दल त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक इतर दोघांसह मिळाले. प्रोस्टाग्लँडिन ही पेशींनी जागच्या जागी तयार केलेली संदेशवाहक द्रव्ये होत. सुजलेल्या सांध्यात तीच वेदना आणि सूज वाढवतात, म्हणून ती थांबवली की आराम पडतो. परंतु जठरात तीच द्रव्ये अस्तरावर बुळबुळीत संरक्षक थर धरतात, आम्लाचा जोर मारणारा क्षार पाझरवतात आणि अस्तराला रक्त पुरवतात; मूत्रपिंडात तीच द्रव्ये, विशेषतः शरीरात पाणी कमी पडलेले असताना, रक्ताचा ओघ चालू ठेवतात. तेव्हा सांध्यातली आग विझवणारी गोळी जठराचे कवच काढून घेते आणि मूत्रपिंडाचा आधार सैल करते, आणि या तिन्ही गोष्टी तिच्या एकाच क्रियेतून घडतात. म्हणूनच उपाशीपोटी गोळी घेऊ नये हा गावाचा जुना दंडक चांगला असला तरी पुरेसा नाही, कारण गोळी पोटात विरघळून रक्तात गेल्यावरही, किंबहुना सुईने दिली तरीही, रक्तामार्फत जठराचे संरक्षण कमी करतेच. सुईने पोट बिघडत नाही, ही खेड्यापाड्यांत पक्की बसलेली समजूत निखालस चुकीची आहे.

या औषधवर्गाला स्टेरॉइड नसलेली दाहशामके म्हणतात. त्यांत फेनिलब्युटाझोन १९४९ मध्ये, इंडोमेथासिन आणि आयबुप्रोफेन १९६० च्या दशकात आले, आणि स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीत १९७३ मध्ये घडवलेले डायक्लोफिनॅक १९७४ मध्ये प्रथम जपानमध्ये विकले जाऊ लागले. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधद्रव्याऐवजी केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेला संरक्षण दिल्यामुळे देशी कारखान्यांनी अशी औषधे अल्प किमतीत बनवली, आणि अमृतांजनसारख्या, १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, चोळण्याच्या औषधांवर व डोकेदुखीच्या गोळ्यांवर भागवणाऱ्या खेड्यापर्यंत डायक्लोफिनॅक पोचले. दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून सकाळी गोळी घेऊन शेतात जाण्याची रीत यातूनच पडली. तिच्यात आळस किंवा अज्ञान शोधणाऱ्यांनी एका दिवसाच्या मजुरीचा घराच्या खर्चाशी असलेला हिशेब आधी मांडून पाहिला पाहिजे. मेहकर तालुक्यातच हिवरा येथे शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात रुग्णसेवेसाठी दूरदूरच्या गावांतून माणसे येत राहिली, यावरूनही उपचाराची निकड किती मोठी होती हे दिसते. २००६ मध्ये चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्रभर पसरली. राज्याने हा ताप १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे अनुभवला होता, पण या वेळी त्याचा पसारा फार मोठा होता आणि ताप उतरल्यावरही महिनोन् महिने सांधे धरलेले राहिल्याने वेदनाशामकांचा वापर घराघरांत शिरला.

जठराची राखण करण्याचा पहिला नेमका प्रयत्न व्हेन यांच्या सिद्धांतातूनच निघाला. गोळीमुळे प्रोस्टाग्लँडिन कमी पडत असेल तर ते बाहेरून द्यावे, या विचाराने अमेरिकेतील सर्ल कंपनीने मिसोप्रोस्टॉल हे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिन तयार केले आणि १९८८ मध्ये वेदनाशामकांमुळे होणाऱ्या जठरव्रणाच्या प्रतिबंधासाठी त्याला तेथे मान्यता मिळाली. जठरव्रण म्हणजे अस्तराला पडलेली खोल जखम. ती रक्तवाहिनीपर्यंत गेली तर रक्तस्राव होतो, आणि जठराच्या भिंतीतून आरपार गेली तर जीव धोक्यात येतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ८,८४३ रुग्णांवर केलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिसोप्रोस्टॉलमुळे अशा गंभीर उपद्रवांत सुमारे ४० टक्के घट दिसली. त्यानंतर डायक्लोफिनॅकचा गाभा आणि त्याभोवती मिसोप्रोस्टॉलचे आवरण अशी जोडगोळी आर्थ्रोटेक या नावाने अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस मान्य झाली; तिच्यात ५० किंवा ७५ मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक आणि २०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल असते. परंतु मिसोप्रोस्टॉलने जुलाब होतात आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणते. त्यामुळे गर्भपात, गर्भाशय फाटणे आणि बाळात जन्मजात व्यंग यांचा धोका संभवतो, म्हणून गर्भवती स्त्रीने किंवा गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने गर्भनिरोधनाची खात्री नसताना ही गोळी घ्यायची नसते. गुडघे दुखणाऱ्या सासूला लिहून दिलेली गोळी कंबर दुखते म्हणून सुनेला देण्याची घरगुती रीत या एका औषधाच्या बाबतीत किती घातक ठरू शकते, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

दुसरा मार्ग आम्लच कमी करण्याचा होता. स्वीडनमध्ये तयार झालेले ओमेप्राझोल १९८८ पासून बाजारात आले. जठराच्या पेशींतील आम्ल बाहेर टाकणारा पंप ते बंद करते, म्हणून त्याला आणि पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल या त्याच्या भावंडांना पंपरोधके म्हणतात. गावात त्यांना सरसकट ‘गॅसची गोळी’ म्हणतात. नॅप्रोक्सेन या वेदनाशामकाबरोबर इसोमेप्राझोलची जोडगोळी २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. भारतात मात्र रुळली ती मुख्यतः डायक्लोफिनॅक किंवा त्याच्या जवळचे अॅसेक्लोफिनॅक आणि त्यांच्या सोबत रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल, अशी कॅप्सूल. या दरम्यान जठराला न दुखावणारे वेदनाशामकच बनवण्याचा प्रयत्नही झाला होता. सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन घडवणाऱ्या प्रथिनाच्या, दोन रूपांपैकी सुजेशी निगडित रूपालाच अडवणारे रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये आले, हृदयविकाराचे झटके वाढवते असे दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतले गेले आणि त्याच वर्षी भारतानेही त्यावर बंदी घातली. पुढे २०१३ मध्ये युरोपीय औषध नियंत्रकांनी डायक्लोफिनॅकलाही हृदयविकार, मेंदूतील रक्तप्रवाहाचे विकार आणि हृदयाची दुर्बलता असलेल्या रुग्णांसाठी वर्ज्य ठरवले. पंपरोधक जोडल्याने हा धोका तिळमात्र कमी होत नाही.

भारतातील जोडऔषधांचा प्रश्न स्वतंत्र आणि अधिक कटू आहे. एका कॅप्सूलमध्ये दोनऐवजी तीन-चार द्रव्ये कोंबून नवे व्यापारी नाव द्यायचे, हा उद्योग येथे अनिर्बंध वाढला. लोकविज्ञान संघटनेने आणि डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्या डॉक्टरांनी महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९८० च्या दशकापासून सातत्याने आवाज उठवला. बेळगावच्या के. एल. ई. विद्यापीठाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने १० मार्च २०१६ रोजी ३४४ जोडऔषधांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी करण्यास सांगितले, आणि डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीने ती केल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोडऔषधे बंद झाली. अॅसेक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि रॅबेप्राझोल हे त्रिकूट त्या यादीत आहे. दिवसातून एकदा पुरणारे पंपरोधक आणि दिवसातून अनेकदा लागणारे पॅरासिटामॉल एकाच कॅप्सूलमध्ये घातले की एकतर पहिले गरजेपेक्षा जास्त पोटात जाते किंवा दुसरे अपुरे पडते. या साध्या गणितावरच असे मिश्रण निकालात काढायला हवे होते.

डायक्लोफिनॅकने जठराबाहेर काय घडवता येते याचा सर्वांत भीषण पुरावा माणसाच्या शरीरात सापडला नाही. तो आभाळात सापडला. लंगडणाऱ्या किंवा तापलेल्या बैलाला, गाईला पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकची सुई देण्याची रीत १९९० च्या दशकात भारतभर पसरली, आणि ते जनावर काही दिवसांत मेले तर त्याच्या मांसातून ते औषध गिधाडांच्या पोटात जाऊ लागले. गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, युरिक आम्ल रक्तात साठून पांढऱ्या चुन्यासारखे त्यांच्या आतड्यांवर व यकृतावर साचे आणि पक्षी मान टाकून मरे. लिंडसे ओक्स यांच्या पथकाने पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून हे कारण २००४ मध्ये सिद्ध केले, तोवर भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. गावाबाहेर टाकलेले ढोर काही तासांत साफ करणारे पक्षी एका पिढीत दिसेनासे झाले. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या सुईच्या कुपीचे माप ३ मिलिलिटरपुरते मर्यादित झाले, कारण मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात होत्या, आणि २०२३ मध्ये पशुवैद्यकातील अॅसेक्लोफिनॅक व केटोप्रोफेनवरही बंदी आली. गिधाडाचे मूत्रपिंड या औषधापुढे माणसापेक्षा कितीतरी नाजूक असते हे खरे. तरीही जठराची कितीही राखण केली तरी मूत्रपिंडाचे दार उघडेच राहते, ही गोष्ट दोन्ही शरीरांना सारखीच लागू आहे.

डोणगावच्या संदर्भात या मूत्रपिंडाच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेला असताना मशागतीची किंवा बांधकामाची कामे करणाऱ्या माणसाच्या शरीरातले पाणी घामावाटे आधीच उतरलेले असते. अशा वेळी मूत्रपिंडाला रक्तपुरवठ्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचाच आधार असतो आणि गोळी तोच काढून घेते. त्यातही रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध आणि लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर ही तिसरी गोळी मूत्रपिंड एकाएकी बंद पाडू शकते. म्हणून जुलाब, उलट्या, कडक ऊन किंवा उपास यांच्या दिवसांत ही जोडगोळी थांबवून डॉक्टरांना विचारणे, आणि ती दीर्घकाळ घ्यायची असल्यास रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा घटक, मधूनमधून तपासून घेणे, हा तिच्या सुरक्षित वापराचा पहिला भाग ठरतो.

राखणीचे औषध कोणाला खरोखर लागते हेही आता बरेच निश्चित झाले आहे. साठी ओलांडलेले, पूर्वी जठरव्रण झालेले, हृदयविकारासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारी इतर औषधे घेणारे, आणि स्टेरॉइड चालू असणारे, अशा रुग्णांना वेदनाशामक टाळता येत नसेल तर त्यासोबत पंपरोधक द्यावेच. तरुण व निरोगी माणसाला तीन-चार दिवस गोळी घ्यायची असेल तर बहुधा त्याची गरज नसते. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही व्रणाचे मोठे कारण आहे. त्याचा शोध १९८२ मध्ये लावणाऱ्या मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ चे नोबेल मिळाले, आणि हा जंतू असलेल्याने वेदनाशामके घेतली तर धोका वाढतो. पंपरोधकाची राखण जठर आणि त्यालगतच्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते, पुढच्या लहान आतड्याला तिचा उपयोग होत नाही; आणि ती स्वतः वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी पडण्याचा आणि हाडे मोडण्याचा संभव वाढतो. माळकरी, शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असण्याची शक्यता असल्याने तेथे ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

जोडगोळी घेण्याच्या वेळेत सर्वांत जास्त घोटाळा होतो, कारण सगळ्या जोडगोळ्यांना एकच नियम लागू नाही: मिसोप्रोस्टॉल असलेली गोळी जेवणासोबत घ्यायची असते, तर पंपरोधक असलेली कॅप्सूल बहुधा जेवणाच्या किमान अर्धा तास आधी. दोन्ही सबंध गिळायच्या असतात. फोडून, चावून किंवा कॅप्सूल उघडून पाण्यात कालवून घेतली तर आतल्या कणांवरचे आम्लरोधक आवरण निकामी होते. डायक्लोफिनॅकची सर्वसाधारण कमाल मात्रा दिवसाला १५० मिलिग्रॅम आहे. अनेक कॅप्सूलमध्ये दिवसभर पुरेल इतके, म्हणजे २०० मिलिग्रॅम, अॅसेक्लोफिनॅक हळूहळू सुटेल अशा रूपात घातलेले असते. त्यावर दुसऱ्या नावाच्या पाकिटातून आणखी एक गोळी घेतली, किंवा दात दुखतो म्हणून आयबुप्रोफेन घेतले, तर राखण तेवढीच राहते आणि मारा दुप्पट होतो. शौचाला डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसणे, लघवी एकदम कमी होणे, पाय किंवा चेहरा सुजणे, छातीत दुखणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी गावातील प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचे रुग्णालय गाठावे. दमा असणाऱ्याला, गर्भवतीला आणि मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांचा विकार असणाऱ्याला ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कधीच देऊ नये. आणि सकाळी उठल्यावर बोटांचे लहान सांधे तासाभराहून अधिक काळ आखडलेले राहत असतील तर वेदनाशामकावर वर्षे काढण्यात सांधे गमावण्याचा धोका आहे, कारण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसला आवर घालणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेगळी असतात आणि ती लवकर सुरू व्हावी लागतात. वात समूळ घालवणारी म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामके मिसळलेली आढळली आहेत, हेही याच ठिकाणी सांगितले पाहिजे.

ही औषधे कायद्याने परिशिष्ट एच मध्ये मोडतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. १९४० च्या औषध कायद्याखालील या तरतुदीची महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने कसोशीने अंमलबजावणी करण्याचा प्रयत्न महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०११ नंतरच्या काळात, झाला. फार्मासिस्ट हजर असणे, चिठ्ठी पाहणे आणि बिल देणे यांचा आग्रह धरल्यावर औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी आंदोलने केली, परंतु रुग्णाच्या बाजूने पाहिल्यास तो आग्रह योग्यच होता. २०१८ पासून व्यापारी नावापेक्षा मूळ औषधाचे नाव मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियमही आला. तथापि गोळ्यांच्या पाकिटावरचा महत्त्वाचा मजकूर आजही बहुतेक इंग्रजीत असतो, आणि निंदणीवरून थकून आलेली जी स्त्री ती कॅप्सूल गिळणार तिला तो वाचता येत नाही. आत कोणते वेदनाशामक आहे, कोणते राखणीचे औषध आहे, जेवणाआधी घ्यायचे की जेवणासोबत, आणि गर्भवतीने घ्यायचे की नाही, एवढ्या चार गोष्टी मराठीत ठळकपणे छापण्याची सक्ती सरकारने केली पाहिजे, आणि ती होईपर्यंत प्रत्येक औषधविक्रेत्याने त्या पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहून द्याव्यात.